दूरचित्रवाणीवरील आगामी शेतीकार्यक्रम व गावातील पूर्वतयारी

दूरचित्रवाणी केंद्र आपल्या आगामी कार्यक्रमांची सूचना प्रेक्षकांस आधी देत असते. ही सूचना कधी पडद्यावर झळकते, कधी वृत्तपत्रात छापून येते, तर अलीकडे ती भ्रमणध्वनीवरही पाहावयास मिळते. घरोघरी ती वाचली जाते ती मुख्यतः मालिका, चित्रपट व क्रिकेटचे सामने केव्हा आहेत हे पाहण्यासाठी. त्याच यादीत मध्येच कोठेतरी एक ओळ असते : 'सोयाबीनची पेरणीपूर्व तयारी', किंवा 'तुरीवरील शेंगअळीचा बंदोबस्त'. या ओळीकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. कार्यक्रम होऊन जातो, आणि पंधरा दिवसांनी नेमक्या त्याच विषयाची विचारणा करीत शेतकरी कृषि कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. तोपर्यंत बियाणे जमिनीत गेलेले असते.

शेतीविषयक कार्यक्रमाचा लाभ किती होणार, हे पुष्कळ अंशी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. यादी कोणी वाचली, कोणास कळविली, संचासमोर कोण येऊन बसले व येताना त्यांनी कोणते प्रश्न मनात आणले, यांवर तो अवलंबून असतो. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने या यादीकडे हंगामाच्या वेळापत्रकाचा एक भाग म्हणूनच पाहिले पाहिजे. ते कसे करावे याचे विवेचन येथे केले आहे.

पूर्वानुभव

हा विचार नवा नव्हे. कॅनडा देशात 1941 साली शेतकऱ्यांसाठी राष्ट्रीय रेडिओ मंडळांची योजना सुरू झाली. शेजारपाजारचे शेतकरी आठवड्यातून एकदा एका घरी जमत, कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर चर्चा करीत. या योजनेचे ब्रीद चार शब्दांचे होते : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. त्यातील पहिला शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पुढील कार्यक्रमाच्या विषयावरील छापील पत्रक मंडळांस अगोदरच टपालाने पोहोचत असे, आणि ते वाचूनच सभासद बैठकीस येत. कार्यक्रमात काय सांगितले जाणार याची कल्पना असल्यामुळे ऐकताना त्यांचे लक्ष आपल्या शेताशी संबंधित मुद्द्यावर राही.

याच धर्तीवर 1956 साली पुणे आकाशवाणीच्या क्षेत्रात एक प्रयोग करण्यात आला. तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषिक भागातील पाच जिल्ह्यांत मिळून सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन याप्रमाणे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रमानंतर मंडळाने चर्चा करावी व आपले मत आणि शंका केंद्रास लिहून कळवाव्यात अशी व्यवस्था होती. या प्रयोगाची पाहणी करताना तुलनेसाठी काही गावे अशी निवडली होती की जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काही अशी की जेथे रेडिओही नव्हता. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे ती भर फारच थोडी होती. यंत्र गावात असणे व यंत्राचा उपयोग होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यावरून दिसून आले. पुढे 1959 साली ही योजना देशातील इतर भागांतही नेण्यात आली.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही आरंभ असाच झाला. दिल्ली केंद्रावरून 26 जानेवारी 1967 रोजी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला तो दिल्लीभोवतालच्या 80 गावांसाठी. त्या गावांत सार्वजनिक संच बसविले होते व लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. तेथील 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम महाराष्ट्रातील ग्रामीण भागात एका पिढीच्या ओळखीचा झाला. शेतीस वाहिलेली 'डीडी किसान' ही स्वतंत्र राष्ट्रीय वाहिनी 26 मे 2015 पासून सुरू झाली.

या सर्व काळात संच चावडीवरून घराघरांत गेला. ही गोष्ट सोयीची खरी; परंतु तिच्यामुळे एक नुकसानही झाले. चावडीवर शेतीचा कार्यक्रम लावावयाचा की नाही हे गाव ठरवीत असे. घरात ते ठरविणारा जो कोणी असेल त्यास सोयाबीनच्या उगवणशक्तीविषयी आस्था असेलच असे नाही.

यादी वाचण्याची रीत

आगामी कार्यक्रमाच्या सूचनेत विषय, दिवस, वेळ व क्वचित तज्ज्ञाचे नाव एवढेच असते. एवढ्यावरून कार्यकर्त्यास तीन गोष्टी ताडता आल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे तो विषय आपल्या गावातील पिकाच्या कोणत्या अवस्थेशी जुळतो. समजा, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन बियाण्यावरील कार्यक्रम जाहीर झाला आहे. तो पाहून शेतकऱ्याने घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासावयाची, तर त्यास आठवडाभर लागणार. गोणपाट ओले करून त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवावयाचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावयाची व सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे, अशी ही साधी रीत आहे. अशा तीन गुंडाळ्या केल्या म्हणजे सरासरी भरवशाची येते. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर हेक्टरी 75 किलो हे शिफारशीचे प्रमाण पुरते; कमी उगवले तर बियाणे त्या मानाने वाढवावे लागते, आणि फारच कमी उगवले तर ते पेरण्यात अर्थ नसतो. मग दुसरे बियाणे मिळविण्यासही काही दिवस हवेत. म्हणजे मे महिन्यातील हा कार्यक्रम पाहणाऱ्या शेतकऱ्याजवळ अवधी आहे. हाच कार्यक्रम जूनच्या शेवटी पुनःप्रक्षेपित झाला, तर ज्याने पेरणी केली त्यास तो निरुपयोगी आहे. मात्र पाऊस लांबल्यामुळे ज्यांची पेरणी थांबली आहे, त्यांस तो अजूनही उपयोगाचा आहे. कोणत्या वस्तीस कार्यक्रम आवर्जून कळवावा हे कार्यकर्त्यास यावरून ठरविता येते.

सोयाबीनचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. या बियाण्याचे बाह्य आवरण पातळ असते. मळणीच्या वेळी यंत्राचा वेग अधिक राहिला किंवा साठवणीत पोत्यांची थप्पी उंच झाली, तर दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही. शेतकऱ्याचा डोळा त्यास फसतो. दुबार पेरणीचा खर्च ज्यांनी एकदा केला आहे त्यांस याचे मोल सांगावे लागत नाही. इतरांस मात्र ते मे महिन्यातच सांगावे लागते. त्या वेळी दुसरी कामे फारशी नसतात, हेही एक अनुकूल आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शिफारस कोणत्या विभागासाठी आहे. महाराष्ट्राचे हवामान व जमीन यांनुसार नऊ कृषि-हवामान विभाग पडतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठे आपापल्या क्षेत्रासाठी शिफारशी करतात. प्रक्षेपण मात्र सर्व राज्यास एकच होते. दापोलीच्या तज्ज्ञांनी भाताच्या रोपवाटिकेविषयी सांगितलेले कोकणातील जांभ्या जमिनीस व तेथील पावसास धरून असते. ते भंडाऱ्याकडील भातशेतीस शब्दशः लागू करू नये. सूचनेत तज्ज्ञाच्या विद्यापीठाचे नाव असेल तर त्यावरून अंदाज येतो. नसेल, तर कार्यक्रमाच्या प्रारंभी ते बहुधा सांगितले जाते. म्हणून पहिली दोन मिनिटे चुकवू नयेत. गावात सर्वांत अधिक चुकतात ती हीच दोन मिनिटे.

तिसरी गोष्ट, कार्यक्रम थेट आहे की आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेला. थेट कार्यक्रमात दूरध्वनीवरून प्रश्न विचारण्याची सोय असेल तर गावाचा प्रश्न आधी लिहून तयार ठेवता येतो. मुद्रित कार्यक्रमातील तंत्राची माहिती उपयोगी पडते. परंतु 'या आठवड्यात पेरणी करावी' अशासारखे वाक्य त्यात आले, तर तो आठवडा कोणता हे पाहिल्यावाचून ते प्रमाण मानू नये. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर व जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर करावयाची असते. आपल्या मंडळात पाऊस किती झाला हे पर्जन्यमापकच सांगू शकतो, पडदा नव्हे.

पडद्याचे बळ व उणीव

रेडिओवरून सांगता येत नाही अशा कितीतरी गोष्टी पडद्यावर दाखविता येतात. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. 2017 च्या खरिपात या अळीने राज्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. अळी बोंडात शिरते तेव्हा अगदी लहान असते, तिचे छिद्र बुजून जाते व बोंड वरून निरोगी दिसते. त्याआधीची खूण फुलावर असते : पाकळ्या आतून धाग्यांनी गुंतविल्या गेल्यामुळे फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखे राहते. यासच डोमकळी म्हणतात. डोमकळीचे वर्णन शब्दांत कितीही केले तरी शेतकऱ्याच्या नजरेस ती बसत नाही. पडद्यावर एकदा जवळून पाहिली म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आपल्या शेतात ती शोधू शकतो. म्हणून अशा विषयाचा कार्यक्रम पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास जाहीर झाला असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत चुकू देऊ नये. कामगंध सापळे लावण्याची वेळही तीच असते. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे पुरेसे होतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून उपाय योजावा लागतो.

परंतु चित्र जितके ठसते तितके आकडे ठसत नाहीत. पडद्यावर औषधाचे प्रमाण क्षणभर दिसते व जाते. पाहणाऱ्यांपैकी एकास ते प्रतिलिटर वाटते, दुसऱ्यास पंपास. या घोटाळ्यातून होणारे नुकसान लहान नाही. यास्तव कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्याने त्या विषयाची शिफारशीतील प्रमाणे पाहून ठेवावीत व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावीत. उदाहरणार्थ, पाच टक्के निंबोळी अर्काचा विषय असेल तर असे लिहिता येईल : निंबोळीची भरड 5 किलो, साधारण 9 ते 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी गाळावी, 200 ग्रॅम साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा, एकूण द्रावण 100 लिटर करावे. मग पडद्यावर अर्क गाळण्याची कृती पाहताना आकड्यांची चिंता राहत नाही, आणि घरी परतताना फळा पुन्हा वाचता येतो.

बीजप्रक्रियेच्या कार्यक्रमातही असाच गोंधळ होतो. क्रम प्रथम बुरशीनाशक, मग कीटकनाशक व शेवटी जिवाणूसंवर्धक असा आहे. तो उलटला तर संवर्धकातील जिवाणू रसायनामुळे मरून जातात. एवढे एक वाक्य फळ्यावर असले तरी पुरे.

संचासमोर कोणी बसावे

कार्यक्रमाची वेळ व शेतकऱ्याच्या घरातील कामाची वेळ यांचा मेळ क्वचितच बसतो. संध्याकाळी धारा काढावयाच्या असतात, जनावरांना वैरण घालावयाची असते, आणि चूलही त्याच वेळी पेटते. परिणामी कार्यक्रम पाहतो तो घरातील मोकळा असलेला पुरुष. बियाणे निवडणे, टोकणी, निंदणी, कापूस वेचणी ही कामे मात्र बहुतांशी स्त्रिया करतात. बियाण्यास चोळावयाच्या औषधाची माहिती जी ते चोळणार तिलाच मिळाली नाही, तर कार्यक्रम कितीही चांगला असो, तो वाया गेला असेच म्हटले पाहिजे. गावात महिला बचत गट असल्यास आगामी कार्यक्रमाची सूचना गटाच्या बैठकीत वाचून दाखवावी. कार्यक्रमाची ध्वनिचित्रफीत नंतर भ्रमणध्वनीवर उपलब्ध होत असेल, तर ती गटाच्या बैठकीच्या सोयीच्या वेळी, दुपारी, एकत्र बसून पाहणे अधिक श्रेयस्कर ठरते. एकेकट्याने रात्री अंथरुणात पाहिलेल्या फितीवर चर्चा होत नाही.

फवारणीच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. 2017 च्या खरिपातच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. पीक त्या वर्षी पुरुषभर उंच झाले होते. अशा पिकात नळी डोक्याच्या वर धरून फवारले म्हणजे औषध अंगावर येते, श्वासात जाते, घामाने ओल्या झालेल्या कपड्यातून कातडीत शिरते. औषधे एकमेकांत मिसळण्याचा धोका त्यात आणखी भर घालतो. सुरक्षित फवारणीवरील कार्यक्रम वारंवार होतात. परंतु ते पाहतो शेतमालक, आणि पंप पाठीवर घेतो तो मजूर. त्यास त्या यादीची वार्ताही नसते.

म्हणून या विषयाचा कार्यक्रम जाहीर होताच कार्यकर्त्याने गावात फवारणीचे काम रोजंदारीने करणाऱ्यांची नावे लिहून काढावीत. मोठ्या गावातही ही नावे फार नसतात. त्यांस स्वतः भेटून बोलवावे; त्यांच्या वस्तीतील समाजमंदिरात वा शाळेत संच उपलब्ध असेल तर तेथेच बसावे. कार्यक्रम संपताच हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचा सदरा प्रत्यक्ष घालून दाखवावा. वाऱ्याच्या दिशेने चालावे, वाऱ्याविरुद्ध फवारू नये, उपाशीपोटी हे काम करू नये, तुंबलेली नळी तोंडाने फुंकू नये, या गोष्टी पडद्यावर पाहिलेल्या असल्या तरी हाताने करून घ्याव्यात. डब्यावरील रंगीत चौकटीचा अर्थ सांगावा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. वाचता न येणाऱ्यासही रंग कळतो. भोवळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काही होऊ लागल्यास काम तत्काळ थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. डबा बरोबर नेण्याचे कारण हे की, डॉक्टरांना विषाचा प्रकार कळल्याखेरीज योग्य उतारा देता येत नाही. शेतमालकांनाही याच बैठकीस बोलवावे. हातमोजे कोणी विकत आणावयाचे हा प्रश्न दोघांच्या देखत निघालेला बरा.

कार्यक्रमानंतर

चर्चा लांबवू नये. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पाहिलेल्यापैकी आपल्या शिवारात काय करता येण्याजोगे आहे, त्यास लागणारी वस्तू तालुक्यास मिळते काय, आणि प्रथम कोण करून पाहणार, एवढे ठरले म्हणजे बैठक झाली. तिसऱ्या प्रश्नास उत्तर न मिळाल्यास आग्रह करू नये. दोन दिवसांनी त्या माणसाच्या बांधावर जाऊन विचारावे. चारचौघांत नाही म्हणणारा शेतकरी बांधावर पुष्कळदा हो म्हणतो.

शंका उरल्यास किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. ही सेवा 21 जानेवारी 2004 रोजी सुरू झाली असून मराठीतूनही उत्तर मिळते. प्रश्न विचारताना पिकाचे वाण, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार व यापूर्वी काय फवारले हे सांगावे. 'कपाशी लाल पडली, काय करू?' एवढ्यावर कोणताही तज्ज्ञ खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही.

राहिले ते केंद्रास पत्र पाठविणे. 1956 च्या प्रयोगातील मंडळे प्रत्येक कार्यक्रमानंतर लिहीत असत. आज गावाकडून केंद्रास पत्र जाणे दुर्मिळ झाले आहे, आणि मग शेतीचे कार्यक्रम आपल्या गरजेचे नसतात अशी तक्रार मात्र ऐकू येते. पत्र कार्डावर असो वा संगणकीय टपालाने, त्यात प्रशंसा नसली तरी चालेल. कोणत्या तारखेचा कोणता कार्यक्रम किती जणांनी पाहिला, त्यात स्त्रिया व मजूर किती होते, कोणता भाग समजला नाही, आणि येत्या हंगामात गावास कोणत्या विषयाची कोणत्या आठवड्यात आवश्यकता आहे, हे लिहावे. रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात होते. तेव्हा तिच्या बीजप्रक्रियेचा कार्यक्रम ऑगस्टच्या अखेरीस हवा असे स्पष्ट नमूद करावे, आणि असे पत्र जूनमध्येच टपालात टाकावे.